शब्दांचे सांधे

शाळेत प्रार्थनेनंतर मुलांनी दिवसाच्या ठळक बातम्या वाचून दाखवाव्यात, हा आमच्या शाळेचा जुना परिपाठ आहे. एके दिवशी तेलुगू, एके दिवशी हिंदी, एके दिवशी इंग्रजी असा क्रम चालतो. २०२२-२३ या शैक्षणिक वर्षी तेलंगणाच्या शासकीय शाळांत इंग्रजी माध्यमाचा व्यापक प्रमाणावर प्रवेश झाला, आणि एका पानावर तेलुगू व समोरच्या पानावर इंग्रजी अशी जोडपुस्तके मुलांच्या हाती आली. त्याच वर्षीची ही गोष्ट. सातवीतील एक मराठी मुलगी इंग्रजी बातम्या वाचण्यास उभी राहिली. दोन वाक्ये नीट झाली. तिसऱ्या वाक्यात ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ हा शब्द आला आणि गाडी रुळांवरून घसरली. तिने एकदा सुरुवात केली, दोनदा केली, तिसऱ्या वेळी भलतेच काही तोंडून निघाले. पोरे हसली. सांगण्यास संकोच वाटतो, परंतु आमच्याही ओठांवर हसू आले होते आणि ते त्या मुलीने पाहिले.

त्यानंतर कित्येक महिने ती मुलगी वाचनासाठी पुढे आली नाही. पालकसभेच्या दिवशी तिची आई आम्हांस भेटली. बाई कष्टाळू, बोलणे मोजके. म्हणाल्या, “सर, घरी आम्ही मराठीच बोलतो. सासूबाईंना दुसरी भाषा येत नाही. त्यामुळंच हिचं इंग्रजी मागं पडतंय का? तसं असेल तर सांगा, उद्यापासून घरात मराठी बंद करतो.”

एम. ए. मराठीची पदवी मिरविणाऱ्या मुख्याध्यापकास याहून अवघड प्रश्न कोणी विचारू शकेल, असे वाटत नाही. त्या दिवशी आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. आज जे लिहीत आहोत ते त्या बाईंना द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे. आणि महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या अनेक घरांत हाच प्रश्न दबक्या आवाजात विचारला जात असावा, म्हणून ते येथे मांडीत आहोत.

एक शब्द, दोन भाषा

प्रथम त्या अपराधी शब्दाकडेच पाहू. ‘रिस्पॉन्सिबिलिटी’त रोमन लिपीची चौदा अक्षरे आहेत. चौदा सुटे मणी ओळीने उचलावेत तसे ते पोर वाचावयास गेले, आणि मणी सांडले. वास्तविक त्या शब्दाचे भाग तीनच. ‘रिस्पॉन्स’ म्हणजे जबाब. त्यास ‘-इबल’ लागले की जबाब देण्यास बांधलेला, अर्थात जबाबदार. त्यापुढे भाववाचक ‘-इटी’ आली की जबाबदारी. आरंभी नकाराचा ‘इर्’ जोडला की ‘इरिस्पॉन्सिबिलिटी’, आणि आपला ‘बेजबाबदारपणा’ तरी याहून निराळा कोठे आहे? बे + जबाब + दार + पणा. जोडणी तीच, क्रम तोच. ‘बे’ आणि ‘दार’ फारसीतून आलेले, ‘पणा’ घरचा, परंतु आजीच्या तोंडून “हा काय बेजबाबदारपणा?” हे वाक्य ऐकत वाढलेल्या मुलीस तो शब्द कधी लांब वाटला नाही.

लांबीच पाहावयाची तर आपली मराठी कोणास हार जाणारी नव्हे. ‘घरासमोरच्यांनीसुद्धा’ हा शब्द पाहा. घर, त्याचे सामान्यरूप, मग समोर, मग च्या, मग नी, मग सुद्धा. चारपाच वर्षांचे मूल असली आगगाडी न अडखळता चालविते, कारण डब्याला डबा कोठे जोडला आहे हे त्याच्या कानास ठाऊक असते. तात्पर्य, लांब शब्द पेलण्याची शक्ती त्या मुलीत होतीच. या शब्दालाही तसेच सांधे असतात, एवढेच तिला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही.

विज्ञानाच्या पुस्तकातील ‘फोटोसिंथेसिस’ घ्या. ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, ‘सिन्’ म्हणजे एकत्र, ‘थेसिस’ म्हणजे मांडणे किंवा ठेवणे. आपण म्हणतो प्रकाशसंश्लेषण. ग्रीकांचा ‘सिन्’ जे काम करतो तेच आपला ‘सम्’. भूमितीतील ‘पेरिफेरी’ तर आपली भावकीच. ग्रीक ‘पेरि’ आणि संस्कृत ‘परि’ हे एकाच मुळाचे, आणि पुढच्या ‘फेर’चा संबंध वाहून नेणे या अर्थाच्या ‘भृ’ धातूशी आहे. १७८६ साली कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे असे प्रतिपादिले. त्या विद्वच्चर्चेत मुलांना नेण्याचे कारण नाही. पण उपसर्ग, धातू, प्रत्यय ही त्रयी ज्याने मराठी व्याकरणाच्या तासाला समजून घेतली, त्याच्या हाती इंग्रजी शब्दांची किल्ली अर्धी आलीच, हे त्यांस अवश्य सांगावे.

आमचे सिकंदराबाद हे दक्षिण-मध्य रेल्वेचे मुख्यालय, १९६६ पासून. रेल्वेच्या वसाहतीतील मुलांनी ‘सुपरिंटेंडेंट’ हा शब्द पाट्यांवर शेकडो वेळा पाहिलेला असतो. ‘सुपर’ म्हणजे वर, ‘इंटेंड’ म्हणजे लक्ष लावणे, शेवटी तसे करणारा. आपला शब्द अधीक्षक, म्हणजे अधि + ईक्षक, वरून पाहणारा. वर्गात ही फोड केली, तेव्हा एक मुलगा उद्गारला, “सर, म्हणजे तोच शब्द दोनदा तयार केलाय!” आम्हांस याहून उत्तम व्याख्या सुचली नसती.

डोळ्यांचे अक्षर, कानांचा अवयव

अर्थाच्या फोडीची गोष्ट झाली. उच्चाराची फोड मात्र निराळी असते, आणि तेथे आपली देवनागरी थोडी फसविते. एका झोक्यात जो ध्वनींचा गट बाहेर पडतो, त्यास या लेखापुरते आपण ‘अवयव’ म्हणू. ‘बेजबाबदारपणा’ लिहिताना अक्षरे आठ होतात; बोलताना मात्र बे-ज-बाब्-दार्-प-णा असे सहाच अवयव ऐकू येतात. ‘पुस्तक’ आपण पु-स्त-क असे लिहितो आणि पुस्-तक् असे बोलतो. लिपी ‘स्त’ला एका घरात बसविते, तर जीभ त्याच्या मधोमध भिंत घालते.

आपल्या छंदःशास्त्रकारांना हे पक्के ठाऊक होते. पुढे जोडाक्षर आले तर मागचा ऱ्हस्व स्वरही गुरू मानावा, हा नियम शाळेत आपण सर्वांनी घोकला. ‘पुस्तक’मधील ‘पु’ ऱ्हस्व असूनही गुरू का? कारण बोलताना तो ‘पुस्’ असतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते कानांनी मोजावे, असा त्या नियमाचा अर्थ.

गंमत अशी की, सातासमुद्रांपलीकडे हाच वाद इंग्रजीत झाला. अठराव्या शतकातील जुन्या स्पेलिंगच्या पुस्तकांत ‘क्लस्टर’ची फोड ‘क्ल-स्टर’ आणि ‘हॅबिट’ची फोड ‘हॅ-बिट’ अशा धर्तीवर केलेली असे. १७८३ साली अमेरिकेतील नोआ वेब्स्टर या तरुण शिक्षकाने आपले स्पेलिंगचे पुस्तक काढले आणि आग्रह धरला की, मूल जसे बोलते तशी फोड करा: ‘क्लस्-टर’, ‘हॅब्-इट’. पुढे हेच पुस्तक त्याच्या निळ्या पुठ्ठ्यावरून ओळखले जाऊ लागले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालले. वेब्स्टरचे ‘क्लस्-टर’ आणि आपले ‘पुस्-तक्’ शेजारी मांडले, तर एका मास्तराचे दुःख दुसऱ्यास कळावयास वेळ लागत नाही.

नवरदेव आणि वऱ्हाडी

येथवर आपली आणि इंग्रजीची वाट एक होती. आता फाटा फुटतो. मराठीत शब्दाच्या प्रत्येक अवयवास आपापला वाटा मिळतो. कोणी थोडा लांब, कोणी आखूड, परंतु उपाशी कोणीच राहत नाही. इंग्रजी शब्द म्हणजे लग्नाची वरात. एकजण घोड्यावर, बाकीचे वऱ्हाडी मागेपुढे दाटीवाटीने चालतात, आणि त्यांची नावे कोणी विचारीत नाही. घोड्यावरच्या अवयवावर जो जोर पडतो त्यास आघात म्हणतात. आघात नसलेले स्वर इतके दबतात की कधी कधी नाहीसेच होतात. ‘व्हेजिटेबल’ आपण चार अवयवांत मांडतो. इंग्रज माणूस ‘व्हेज्’वर जोर देऊन पुढचे तीनाचे दोन करतो.

आघात चुकला म्हणून काय बिघडते, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्याचे उत्तर आमच्याच गावात शोधले गेले आहे. १९५८ साली हैदराबादेत इंग्रजीच्या अध्यापनासाठी एक केंद्रीय संस्था स्थापन झाली. १९७२ मध्ये तिच्या नावात परकीय भाषांचाही समावेश झाला, आणि आता ती इंग्रजी व परकीय भाषांचे केंद्रीय विद्यापीठ आहे. तेथील प्राध्यापक आर. के. बन्सल यांनी सुशिक्षित भारतीयांचे इंग्रजी बोलणे निरनिराळ्या देशांतील श्रोत्यांना ऐकवून त्यांना ते कितपत समजते याची मोजणी केली. १९६९ साली तो प्रबंध प्रसिद्ध झाला. न समजण्याच्या प्रमुख कारणांत शब्दातील चुकीचा आघात हे एक कारण होते. म्हणजे प्रत्येक ध्वनी शुद्ध असूनही घोड्यावर भलताच मनुष्य बसविला, तर पाहुण्यांना वरात कोणाची हे कळत नाही.

आघाताने अर्थ पालटतो ही कल्पना आपल्या परंपरेस नवी नाही. त्वष्ट्याने इंद्राचा वध करणारा पुत्र मिळावा म्हणून यज्ञ मांडला. ‘इन्द्रशत्रु’ या शब्दाच्या अंती उदात्त स्वर ठेवला असता, तर अर्थ झाला असता इंद्राचा संहारक. उच्चारात तो आरंभी पडला आणि अर्थ झाला, इंद्र ज्याचा संहारक आहे असा. वृत्र जन्मला, आणि इंद्राच्या हातून मारला गेला. पतंजलीने महाभाष्यात शुद्धोच्चाराचे महत्त्व सांगताना याच कथेचा आधार घेतला आहे. वेदांतील तो स्वर सुराच्या चढउताराचा, इंग्रजीतील आघात जोराचा. हा भेद लक्षात ठेवावा. परंतु हजेरीला मुले ‘प्रेझेंट’ म्हणतात तेव्हा जोर पहिल्या अवयवावर हवा, आणि बक्षीस अर्पण करणे या अर्थी तोच शब्द क्रियापद होतो तेव्हा जोर दुसऱ्यावर जातो. ‘रेकॉर्ड’, ‘परमिट’, ‘ऑब्जेक्ट’ यांचीही तीच तऱ्हा: नाम असता जोर आधी, क्रियापद असता नंतर.

चार खुणा

आघात कोठे पडतो याचा पक्का कायदा इंग्रजीत नाही. तरी प्रत्यय पाहून पुष्कळदा अंदाज बांधता येतो. आमच्या इंग्रजीच्या सहकारी बाईंच्या साहाय्याने मुलांसाठी आम्ही ज्या खुणा काढल्या, त्या अशा.

पहिली: ‘-शन’, ‘-इक’, ‘-इटी’, ‘-ग्रफी’, ‘-लजी’ हे प्रत्यय आघातास आपल्या अगदी अलीकडे ओढून आणतात. ‘एज्युकेशन’मध्ये ‘के’वर, ‘रिस्पॉन्सिबिलिटी’त ‘बि’वर. एकाच कुळातील तीन शब्द पाहा: ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फोटॉग्रफी’त ‘टॉ’वर, ‘फोटोग्रॅफिक’मध्ये ‘ग्रॅ’वर. घर तेच, परंतु पाहुणा बदलला की मानाचा पाट हलतो.

दुसरी: ‘-नेस’, ‘-फुल’, ‘-ली’, ‘-मेंट’ हे प्रत्यय गरीब स्वभावाचे, ते मूळ शब्दाचा आघात हलवीत नाहीत. ‘गव्हर्न’मध्ये तो आरंभी, तर ‘गव्हर्नमेंट’मध्येही आरंभीच. ‘डिव्हेलप’मध्ये ‘व्हे’वर, म्हणून ‘डिव्हेलपमेंट’मध्येही तेथेच, आपण सर्रास पहिल्या अवयवावर जोर देतो.

तिसरी: ‘-इयर’ आणि लांब ‘-ई’ हे प्रत्यय मान स्वतःकडेच घेतात. ‘इंजिनियर’, ‘व्हॉलंटियर’, ‘रेफरी’, ‘ट्रेनी’ यांत जोर शेवटी. ‘कमिटी’ मात्र ऐकत नाही. तेथे जोर मधल्या ‘मि’वर.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची: अपवाद निघाला की शब्दकोश उघडावा. ‘-इक’च्या नियमाने ‘पॉलिटिक्स’मध्ये जोर ‘लि’वर यावा, तो बसतो ‘पॉ’वर. राजकारण नियमाने चालत नाही, हे मुलांस त्यामुळे आपोआप कळते.

इतके हाती आले की राक्षसी शब्दांचेही भय उरत नाही. १९३५ साली अमेरिकेतील कोडे-प्रेमींच्या मंडळाच्या अध्यक्षाने पंचेचाळीस अक्षरांचा एक शब्द मुद्दाम घडविला: ‘न्युमोनो-अल्ट्रा-मायक्रोस्कोपिक-सिलिको-व्होल्कॅनो-कोनि-ओसिस’. फुप्फुस, पलीकडचे, सूक्ष्मदर्शी, सिलिका, ज्वालामुखी, धूळ, विकार. अतिसूक्ष्म धुळीने जडणारा फुप्फुसाचा रोग, एवढाच त्याचा अर्थ. मुलांनी तो दोन दिवसांत पाठ केला आणि पुढचा आठवडाभर आम्हांस मधल्या सुट्टीत दुसरे काही ऐकू आले नाही.

छावणीतील कान

आमचे हे गाव छावणीचे. १८०६ साली निजाम सिकंदर जाह याच्या नावावरून यास सिकंदराबाद हे नाव मिळाले आणि हुसेनसागराच्या उत्तरेस इंग्रजी फौजेचा तळ वाढत गेला. ‘कँटोन्मेंट’ हा शब्द येथे घरोघरी आहे. इंग्रज शिपाई त्याचा उच्चार ‘कँटूनमेंट’ असा करीत आणि जोर ‘टून’वर देत.

अशा छावण्यांतून इंग्रजी शब्द देशी माणसांच्या तोंडी गेले, तेव्हा त्यांच्या हाती स्पेलिंगचे पुस्तक नव्हते. कान होता. ‘रिक्रूट’मध्ये जोर ‘क्रूट’वर, आपला ‘रंगरूट’ पाहा, आरंभ बदलला तरी ‘रूट’ शाबूत. ‘प्लटून’ची ‘पलटण’ झाली. ‘ऑर्डर्ली’तील ‘ऑर्’ ‘अर्दली’त कायम राहिला. ‘स्टेशन’मध्ये जोर ‘स्टे’वर, म्हणून ‘टेशन’मध्ये ‘टे’ उरला आणि फक्त पुढचा ‘स्’ गळाला. दखनी बोलणारे ‘इस्टेशन’ म्हणतात. त्यांनी जोडाक्षराला आधी एक पायरी बांधून दिली. आमचे तेलुगू शेजारी ‘बस’ला ‘बस्सु’ म्हणून शेवटी स्वराचा टेकू देतात. प्रत्येक भाषा पाहुण्याला आपल्या घरच्या चपला देते. यात हसण्यासारखे काय आहे? त्या अशिक्षित म्हणविल्या गेलेल्या लोकांनी शब्द ऐकून घेतले, म्हणून पुष्कळदा त्यांचा वजनदार अवयव वाचला. आम्ही शिकलेल्यांनी शब्द वाचून घेतले, म्हणून प्रत्येक अक्षर जपले आणि जोर हरवला.

आमचाच दाखला देतो. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरी होती. आजोबांनी तिच्यावरून इंग्रजी शिकविले. व्याकरण पक्के झाले, कान कोराच राहिला. तरुणपणी एका शिक्षक-प्रशिक्षण वर्गात आम्ही ‘डिटर्मिन’ हा शब्द स्पेलिंगप्रमाणे ‘डिटरमाइन’ असा ठणठणीत वाचला, आणि व्याख्याते खो खो हसले. त्या दिवसानंतर वर्ष-दीड वर्ष आम्ही चारचौघांत इंग्रजीत तोंड उघडले नव्हते. म्हणजे हसण्याने काय होते हे आम्हांस ठाऊक होते. तरीही त्या सकाळी आम्ही हसलो.

राहिलेले उत्तर

पुढे आम्ही प्रार्थनेनंतरची दहा मिनिटे राखून ठेवली. रोज एक लांब शब्द फळ्यावर. आधी अर्थाचे सांधे, मग त्याचा मराठी, तेलुगू वा उर्दू जोडीदार, मग टाळी वाजवून अवयवांची मोजणी, आणि घोड्यावरच्या अवयवाला मोठी टाळी. पहिल्या दिवशी आम्ही फळ्यावर ‘डिटर्मिन’ लिहिला आणि आपली फजिती मुलांना सांगितली. मुले पोटभर हसली. ती मुलगीही हसली.

ती लगेच पुढे आली असे नाही. त्यासाठी दुसरे वर्ष उजाडावे लागले. एके दिवशी ‘बेजबाबदारपणा’ची फोड करावयास कोण येतो, असे विचारले तेव्हा मागच्या रांगेतून ती उठली. तिने चार भाग पाडले, शेजारी इंग्रजी शब्द लिहिला, त्याचेही भाग पाडले. मग वाचला. जोर ‘बि’ऐवजी ‘स्पॉन्’वर पडला. कोणी हसले नाही. तिने स्वतःशीच टाळी वाजवून पाहिली, मान हलविली, आणि पुन्हा वाचला. या वेळी नवरदेव आपल्या घोड्यावर बसला होता.

त्या बाई पुढल्या पालकसभेस आल्या तेव्हा आम्ही त्यांस हात जोडून सांगितले, “बाई, घरातली मराठी बंद करू नका. सासूबाईंना म्हणावं, नातीशी भरपूर बोला. तिच्या इंग्रजीचा पाया तिथंच आहे.” त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “बंद नाही केलं, सर. विचारलं होतं तेवढंच. सासूबाईंशी मग कोण बोललं असतं?”

आम्ही व्याकरणाच्या बाजूने इतके हिंडून जेथे पोहोचलो, तेथे त्या बाई आधीच उभ्या होत्या.